सिगारेट सोडायची म्हणून पहिला व्हेप घेताय? थांबा, आधी हे वाचा

नागाव (ता. अलिबाग) : शनिवार-रविवार आला की नागावच्या किनाऱ्यावर मुंबई-पुण्याची गर्दी होते. सुरूच्या बनात गाड्या लागतात, कॉटेज भरतात. त्या गर्दीत पेनासारखी किंवा छोट्या डबीसारखी वस्तू तोंडाला लावून गोडसर वासाची वाफ सोडणारी पोरं हल्ली हमखास दिसतात. ही वस्तू म्हणजे व्हेप, म्हणजेच ई-सिगारेट. पर्यटकांचं बघून आपल्याकडची तरुण मंडळीही आता विचारायला लागली आहेत, "सिगारेट सोडायचीय, सुरुवातीला कोणता व्हेप घेऊ?"

विचारणाऱ्याचा हेतू चांगला आहे. सिगारेट-विडी सोडायची इच्छा होणं हीच मोठी गोष्ट. पण या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की भारतात कोणताही व्हेप विकायला कायद्याने बंदी आहे. चोरून जो मिळतो त्यात काय भरलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. याउलट सिगारेट सोडायला मदत करणारी, तपासलेली आणि कायदेशीर औषधं अलिबागच्या मेडिकलमध्ये मिळतात, आणि सल्ला तर फोनवर फुकट मिळतो. व्हेपबद्दल काय माहीत असावं आणि त्याऐवजी काय घ्यावं, ते खाली सविस्तर दिलं आहे.

व्हेप म्हणजे नेमकं काय?

व्हेपमध्ये चार भाग असतात. चार्ज होणारी बॅटरी, तापणारी तार म्हणजे कॉइल, लिक्विड भरायची छोटी टाकी आणि तोंडात धरायची नळी. परदेशात 'स्टार्टर किट' म्हणून विकतात त्यात हेच सामान आणि चार्जर असतो. झुरका घेतला की तार तापते, लिक्विडची वाफ होते आणि ती फुफ्फुसात जाते. लिक्विडमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, चवीची रसायनं आणि बहुतेक वेळा निकोटिन असतं.

सिगारेट-विडीत तंबाखू जळते. त्या जळण्यातून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतं आणि कॅन्सर, हृदयविकार, दम्यासारखे आजार मुख्यतः त्या धुरामुळे होतात. व्हेपमध्ये काही जळत नाही, म्हणून धूर नसतो. पण सवय लावणारं निकोटिन तेच. वाफ निघते म्हणजे नुसतं पाणी, असा समज असेल तर तो चुकीचा आहे.

कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारने 18 सप्टेंबर 2019 रोजी अध्यादेश काढून ई-सिगारेटवर बंदी घातली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने त्याचा कायदा केला. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा :

- ई-सिगारेट बनवणं, आयात-निर्यात करणं, वाहतूक, विक्री, वाटप आणि जाहिरात करणं गुन्हा आहे. ऑनलाइन विक्रीही यातच येते.
- पहिल्या गुन्ह्याला 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा पकडलं तर 3 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड.
- विक्रीचा साठा ठेवला तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
- 'निकोटिन नाही', 'हर्बल आहे' असं सांगून विकलेला व्हेपही बंदच. कायद्याच्या व्याख्येत निकोटिन असलेलं आणि नसलेलं, दोन्ही धरलं आहे. ई-हुक्का आणि तंबाखू न जाळता तापवणारी यंत्रंसुद्धा त्यात आली.

नुसता वापर करणाऱ्यासाठी या कायद्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही. पण म्हणून तो कायदेशीर झाला असं नव्हे. विकणारा गुन्हेगार आहे, म्हणजे तुम्हाला ना पावती मिळणार, ना बदलून मिळणार, ना तक्रार करता येणार.

आपल्या भागातले बरेच जण बोटीवर आणि आखातात नोकरीला आहेत. दुबईत व्हेप दुकानात मिळतो, म्हणून येताना भावासाठी किंवा मित्रासाठी आणावा असं वाटू शकतं. पण भारतात आणणं म्हणजे आयात आणि आयातीला बंदी आहे. सिंगापूरला उतरणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळावं. तिथे 2018 पासून व्हेप नुसता जवळ बाळगणंही गुन्हा आहे.

"इंग्लंडमध्ये तर सरकारच व्हेप देतं म्हणे?"

हा प्रश्न येतोच आणि त्यात तथ्य आहे. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवा सिगारेट ओढणाऱ्यांना ती सोडण्यासाठी व्हेपचा पर्याय देते. 10 लाख लोकांना स्टार्टर किट द्यायची योजना तिथे 2023 मध्ये जाहीर झाली. निकोटिनच्या व्हेपने सिगारेट सुटण्याचं प्रमाण च्युइंगम आणि पट्टीपेक्षा जास्त असल्याचं परदेशातल्या अभ्यासांत आढळलंही आहे. ते लपवायचं कारण नाही.

पण तिथला व्हेप आणि इथला व्हेप यात फरक आहे. तिथे लिक्विडमध्ये 1 मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन चालत नाही. टाकी 2 मिलिलिटरपेक्षा मोठी नको, लिक्विडची बाटली 10 मिलिलिटरपेक्षा मोठी नको, प्रत्येक मालाची सरकारकडे नोंद हवी, असे नियम आहेत. सोबत सल्ला देणारा माणूस असतो. आणि तिथेही सांगतात की जो सिगारेट ओढत नाही त्याने व्हेपला हात लावू नये. इथे चोरून मिळणाऱ्या व्हेपला यातला एकही नियम लागू नाही.

चोरीच्या मालात काय अडचण आहे?

पहिली अडचण निकोटिनची. अशा बऱ्याच व्हेपवर '5 टक्के' लिहिलेलं असतं. वाचायला कमी वाटतं, पण 5 टक्के म्हणजे 1 मिलिलिटरमध्ये 50 मिलिग्रॅम. इंग्लंडच्या मर्यादेच्या अडीच पट. 2 मिलिलिटरच्या टाकीत 100 मिलिग्रॅम निकोटिन झालं. एका सिगारेटमधून शरीरात साधारण 1 ते दीड मिलिग्रॅम जातं, यावरून हिशोब लावा. आणि जे लिहिलंय तेच आत आहे याचीही खात्री नाही.

दुसरी अडचण भेसळीची. अमेरिकेत 2019 मध्ये व्हेप ओढणाऱ्यांना अचानक फुफ्फुसाचा गंभीर आजार व्हायला लागला. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,800 हून अधिक जण दवाखान्यात दाखल झाले आणि 68 जण दगावले. तपासात निघालं की त्यातल्या बहुतेकांनी गांजाचा अंश असलेलं लिक्विड ओढलं होतं, ते बरेचदा ओळखीतून किंवा चोरट्या बाजारातून घेतलेलं होतं आणि पातळ करायला त्यात व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेलं होतं. दुकानातला नोंदणी झालेला माल आणि हातोहात मिळालेला माल यात किती फरक पडतो ते यावरून कळतं.

तिसरी अडचण सवयीची. आमच्या आळीतल्या एका पोराने सिगारेट सोडायची म्हणून ओळखीतून व्हेप मागवला. घरात आईसमोर वास येत नाही म्हणून व्हेप आणि नाक्यावर मित्रांसोबत सिगारेट, असं दोन्ही सुरू झालं. आधी घरात असेपर्यंत तरी तो ओढत नव्हता, आता झोपेपर्यंत ओढतो. असं दोन्ही चालू राहणं ही व्हेपची सगळ्यात नेहमीची फसगत आहे. पाकीट संपलं की सिगारेट थांबते, पण व्हेपला थांबायची खूणच नसते.

मग पहिला किट कोणता घ्यावा?

सिगारेट-विडी सोडायचा कायदेशीर किट चार वस्तूंचा आहे : फोन नंबर, तारीख, निकोटिनचं च्युइंगम आणि गरज लागली तर डॉक्टर.

1. फोन : राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा नंबर 1800-11-2356 हा आहे. तो सिगारेटच्या पाकिटावर आणि तंबाखूच्या पुडीवर, चित्राखाली छापलेला असतो. आपण रोज पाकीट हातात घेतो पण तो वाचत नाही. ही केंद्र सरकारची टोल फ्री सेवा 2016 पासून दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून सुरू झाली. पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमध्येही तिचं केंद्र झालं. सोमवार सोडून सकाळी 8 ते रात्री 8 फोन लागतो. मराठीत बोलायचंय असं सांगा. समुपदेशक तुमची सवय समजून घेतात, तारीख ठरवून देतात आणि नंतर स्वतःहून फोन करून चौकशी करतात. फोनवर बोलायला लाज वाटत असेल तर 011-22901701 वर मिस्ड कॉल द्या, सोडायला मदत करणारे मेसेज मोबाइलवर येतात.

2. तारीख : येत्या आठ-पंधरा दिवसांतली एक तारीख पक्की करा. लग्न, पालखी, जत्रा असा दिवस नको. लावणी-झोडणीच्या धावपळीतला किंवा कॉटेज फुल्ल असलेला आठवडाही नको. आदल्या रात्री उरलेली पाकिटं, काडेपेटी, लायटर घरातून आणि गाडीच्या डिकीतून काढून टाका. "उद्यापासून मला देऊ नको" हे टपरीवाल्यालाही सांगून ठेवा.

3. निकोटिन च्युइंगम : यात निकोटिन असतं पण धूर नसतो. शरीराला थोडं निकोटिन मिळत राहतं, त्यामुळे तलफ सोसवते आणि पुढे ते हळूहळू कमी करता येतं. 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत निकोटिनचे असे पर्याय घेतलेले आहेत. म्हणजे हे औषध आहे, फॅशन नाही.

च्युइंगम 2 मिलिग्रॅम आणि 4 मिलिग्रॅम अशा दोन ताकदीत येतं. निवड करायची सोपी कसोटी आहे. सकाळी डोळे उघडल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तुम्ही पहिली सिगारेट किंवा विडी पेटवता का? 'नाही' असेल तर 2 मिलिग्रॅम पुरतं. 'हो' असेल तर सवय जड आहे, 4 मिलिग्रॅम लागू शकतं, ते डॉक्टरांना विचारून घ्या. विडीला कमी समजू नका. तिच्यातून निकोटिन आणि डांबर सिगारेटपेक्षा कमी जात नाही, उलट ती विझू नये म्हणून झुरके जास्त ओढावे लागतात.

च्युइंगम खायची पद्धत माहीत नसल्यामुळे बरेच जण ते दोन दिवसांत फेकून देतात. मीही पहिल्यांदा साध्या चिंगमसारखं कचाकचा चावलं आणि उचक्या लागल्या, पोटात मळमळलं. बरोबर पद्धत अशी :

- हळूहळू चावा. तिखटसर चव किंवा झिणझिण्या आल्या की चावणं थांबवा.
- गोळी गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. चव गेली की पुन्हा चार वेळा चावा आणि दुसऱ्या बाजूला ठेवा.
- एक गोळी अशी साधारण अर्धा तास चालते. नंतर थुंका, गिळू नका.
- खायच्या 15 मिनिटं आधी आणि तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत, कोकम, सोडा घेऊ नका. आंबट पदार्थाने निकोटिन तोंडात शोषलं जात नाही आणि गोळी वाया जाते.
- पहिले 6 आठवडे जागेपणी दर 1-2 तासांनी एक, पुढचे 3 आठवडे दर 2-4 तासांनी, शेवटचे 3 आठवडे दर 4-8 तासांनी. एकूण 12 आठवडे. दिवसाला जास्तीत जास्त किती ते पाकिटावर असतं, त्याच्या पुढे जाऊ नका.

दाताचा त्रास असेल किंवा कवळी असेल तर चघळायच्या गोळ्या किंवा अंगाला लावायची पट्टी मिळते. दिवसाला 10 पेक्षा जास्त सिगारेट ओढणाऱ्यांना सहसा 21 मिलिग्रॅमच्या पट्टीपासून सुरू करून 14 आणि मग 7 वर आणतात. पट्टी रोज नव्या जागी, केस नसलेल्या कोरड्या कातडीवर लावायची.

4. डॉक्टर : गरोदर बाई, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला माणूस आणि 18 वर्षांखालची मुलं यांनी च्युइंगमसुद्धा विचारल्याशिवाय घेऊ नये. व्हॅरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन या गोळ्याही सिगारेट सोडायला देतात, पण त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. फिट येत असतील किंवा किडनीचा आजार असेल तर ते आधीच सांगा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर सिगारेट सुटल्यावर साखर तपासून घ्या, डोस बदलावा लागू शकतो. आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढताना "तंबाखू सोडायचीय" असं स्पष्ट सांगा. तिशी ओलांडलेल्यांची तोंडाच्या कॅन्सरची, बीपीची आणि साखरेची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते. आशाताईंना विचारलं तर त्या दिवस सांगतील.

पहिले दिवस कसे जातात?

- पहिले 3 दिवस सगळ्यात अवघड. चिडचिड, डोकं जड, झोप उडते. प्रत्येक तलफ मात्र पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायचा. पाणी प्या, वाडीत एक फेरी मारा, कुणाला तरी फोन लावा.
- पहिला आठवडा चहा अर्ध्यावर आणा. सिगारेट बंद झाली की चहा-कॉफीतलं कॅफिन शरीरात जास्त वेळ टिकतं, त्यामुळे छातीत धडधड आणि निद्रानाश होतो. आपल्याला वाटतं सिगारेट नाही म्हणून होतंय.
- दुसरा ते चौथा आठवडा त्रास कमी होत जातो. खोकला थोडा वाढला तर घाबरू नका, पण रक्त पडलं किंवा दम लागला तर लगेच दाखवा.
- वर्षभराने हृदयविकाराचा वाढलेला धोका साधारण निम्म्यावर येतो.

जेवण झाल्यावर, मोटारीवर पाणी सोडून बसल्यावर, जेट्टीवर बोटीची वाट बघताना, अशा ठरलेल्या जागी तलफ येते. त्या जागा आधीच कागदावर लिहून काढा आणि तिथे पोचायच्या आधी च्युइंगम तोंडात ठेवा.

या बदल्या नकोत

सिगारेट सोडून मिश्री किंवा चुना-तंबाखू सुरू करणं म्हणजे सोडणं नव्हे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के होते, पण तोंडात तंबाखू धरणारे 24.4 टक्के. आपलं खरं दुखणं तिथे आहे. क्विटलाइन तंबाखू आणि मिश्री सोडायलाही मदत करते, त्यामुळे घरातल्या बायकांनीही निःसंकोच फोन करावा.

दुसरी गोष्ट लिहायला मला जड जाते, कारण सुपारी हे आपल्या वाड्यांचं पीक आहे. पण तलफ मारायला दिवसभर सुपारी चघळणं धोक्याचं आहे. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कॅन्सरला कारण ठरते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नोंदवलं आहे. तोंडात काहीतरी हवंच असेल तर बडीशेप, लवंग, आवळा किंवा भाजलेले चणे ठेवा. 'हर्बल सिगारेट'ही नको. पाला जळला तरी धूर तो धूरच.

व्हेप आधीच घेतला असेल तर?

लाज वाटून पुन्हा सिगारेटकडे वळू नका. क्विटलाइनला व्हेपबद्दल खरं सांगा, सोडायची पद्धत तीच आहे. व्हेप लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. लिक्विड पोटात गेलं तर मुलाला उलट्या, फिट येऊ शकतात आणि जिवावर बेतू शकतं. तसं झालं तर उलटी करवत बसू नका, 108 ला फोन करून थेट दवाखाना गाठा.

कॉटेज आणि होमस्टेवाल्यांसाठी दोन गोष्टी. आपल्या जागेत कुणी विक्रीचा साठा ठेवतोय हे माहीत असून चालू दिलं तर कायद्याने आपणही अडकतो. आणि पर्यटक टाकून गेलेला व्हेप कचऱ्यात जाळू नका. आत लिथियमची बॅटरी असते, ती फुटते. हातमोजा घालून वेगळा ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या.

पुन्हा ओढली तर?

बहुतेकांची पहिल्या प्रयत्नात सुटत नाही. एक ओढली म्हणून पूर्ण पाकीट आणू नका. कुठे, कुणासोबत ओढली ते लिहा आणि दुसऱ्या दिवसापासून परत सुरू करा. रोज 100 रुपयांची सिगारेट ओढणाऱ्याचे वर्षाला 36,500 रुपये जातात. एवढ्यात वाडीला ठिबक बसतं किंवा मुलाची फी भरली जाते.

मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा

तंबाखू क्विटलाइन (टोल फ्री, सोमवार बंद) : 1800-11-2356
मेसेजसाठी मिस्ड कॉल : 011-22901701
सोडताना मन फार उदास झालं तर टेली मानस : 14416
रुग्णवाहिका : 108

गावात कुणी "कोणता व्हेप घेऊ?" असं विचारलं तर त्याला हसू नका, रागावूही नका. त्याला सोडायचीय, एवढं लक्षात घ्या आणि पहिला नंबर त्याला द्या.